समासातला नवरा

सदानंदराव उगारे यांना आयुष्यात कधी कुणाचा हेवा वाटला नाही, असं ते स्वतः सांगत. एखाद्या दुसऱ्या चित्रकाराला पारितोषिक मिळालं की दोन दिवस त्यांचं पोट बिघडे, पण त्याचा दोष ते भज्यांना देत. तीसेक वर्षं त्यांनी पाठ्यपुस्तकांची चित्रं काढली होती. आगगाडी, आंबा आणि आजोबा कसे दिसतात हे निम्मा महाराष्ट्र त्यांच्याकडून शिकला होता. त्यामुळे मिरजेच्या स्मृतिकेंद्रात बायकोच्या डोक्यावर ती जाळीची टोपी चढली, तेव्हा पडद्यावर काय उमटणार याची त्यांना फारशी शंका नव्हती. लग्न झाल्यापासून जिने रोज आपली चित्रं पाहिली, तिच्या मेंदूत दुसरं असणार काय?

पडद्यावर उमटला एक उंट. तोही उलटा, पाय वर आणि पाठ खाली.

"हा कुणाचा?" सदानंदरावांनी विचारलं. उंट त्यांचा नव्हता हे नक्की. त्यांच्या उंटाच्या मानेला बाक असायचा. ही मान म्हणजे नुसता मुळा होता.

"मशीन उलटं नाहीये सर," डॉ. आफरीन मुजावर म्हणाल्या. "मॅडमना तो असाच आठवतोय."

खुर्चीत बसलेल्या वैजयंतीबाईंचा चेहरा उजळला होता. "छत्री," त्या म्हणाल्या. "उंटाला छत्री मिळाली. आता तो छत्री शोधायला निघणार."

कित्येक आठवड्यांत त्या इतकं नीट बोलल्या नव्हत्या. सदानंदरावांना आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या मागोमाग एक बारीक कळ आली. भजी तर त्या दिवशी त्यांनी खाल्लीच नव्हती.

वैजयंतीबाईंना विसर पडू लागून दोन वर्षं होत आली होती. या रोगाची एक रीत असते, असं डॉ. आफरीन यांनी पहिल्याच भेटीत समजावलं होतं. तो वरून खाली पोखरत येतो. कालचं आज जातं, मग मधली वर्षं जातात, आणि अगदी तळाशी जे असतं ते शेवटपर्यंत टिकतं. केंद्राने शेकडो रुग्णांचा तळ तपासला तेव्हा तिथे आई-वडिलांचे चेहरे सापडतील अशी सगळ्यांची समजूत होती. सापडली ती बहुतेक वेळा लहानपणी पाहिलेल्या चित्रांची पुस्तकं. कारण साधं होतं. माणसांचे चेहरे रोज बदलतात, कधी हसरे, कधी रागावलेले. पुस्तकातलं चित्र मात्र शंभर वेळा उघडलं तरी शंभर वेळा तेच असतं. मेंदू ते एका कोपऱ्यात ठेवत नाही. इतक्या ठिकाणी गुंफून ठेवतो की रोगाला ते चटकन उसवता येत नाही.

"ही तुमची खुंटी," डॉ. आफरीन म्हणाल्या होत्या. "घर पडायला आलं तरी भिंतीतली खुंटी घट्ट असते. तिला आपण आजची माणसं अडकवायची."

तेही जमत होतं. आठवण एकदा वर काढली की ती काही तास ओली राहते, ताज्या गिलाव्यासारखी. परत वाळताना शेजारी जे असेल ते धरून वाळते. म्हणून आधी ते जुनं चित्र जसंच्या तसं समोर धरायचं, आणि ते ओलं असताना त्याच्या कडेला नवरा, मुलगी, राहतं घर दाखवायचं. अडचण एकच होती. यंत्राला दिसायचं ते धुरकट. धुक्यातून चित्र काढायला माणसाचा हात लागायचा. चित्रकाराने कच्चं चित्र काढायचं, रुग्णाला दाखवायचं, आणि मेंदूतल्या ठशाशी ते जितकं जुळेल तितका टेबलावरचा हिरवा दिवा तेजाळायचा. इथे चित्रकार घरचाच होता. केंद्राला बरंच झालं.

"आणि यात मी कुठे?" सदानंदरावांनी विचारलं.

"समासात, सर. मूळ चित्राला हात लावायचा नाही. तुम्ही कडेला, उजव्या बाजूला. तुमची मुलगी, रेणूताई, डावीकडे."

समासात! पानाच्या त्या कोऱ्या पट्टीत मुलं फार तर बेरजा करतात. संसार झाला, मुलगी वाढवली, कर्ज काढून सांगलीत घर बांधलं, आणि जागा मिळाली ती समासात. मधोमध कोण, तर कुणा सोम्यागोम्याचा मुळ्याच्या मानेचा उंट.

त्यांनी मेहुण्याला, बापूदादाला, फोन लावला. वैजयंतीबाईंपेक्षा तो आठ वर्षांनी मोठा, पण त्याची आठवण लोखंडी पेटीसारखी होती.

"उंट व्हय!" बापूदादा फोनवर खदाखदा हसला. "दाजी, आमचे आबा प्रेसात बायंडिंगला हुते न्हवं? भिंतीला ओल यायची म्हणून त्यांनी वाया गेलेला एक फर्मा आणून खळीनं चिकटवलेला. खाली, जमिनीलगत. तिथंच वैजीचं अंथरूण असायचं."

सदानंदरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुस्तक छापतात तेव्हा एका मोठ्या कागदाच्या एकेका बाजूवर आठ पानं एकदम छापतात. तो फर्मा. खालची चार पानं सुलटी, वरची चार उलटी, आणि क्रमही असा की पहिल्या पानाच्या शेजारी शेवटचं. घडी घालून कापल्याशिवाय त्याचं पुस्तक होत नाही. वैजयंतीबाईंनी ते पुस्तक कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी पाहिला होता न कापलेला फर्मा, तोही एकाच बाजूने. उरलेली अर्धी गोष्ट भिंतीला चिकटलेली होती.

आता त्यांना बायकोच्या कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला. कादंबरी आणली की ती शेवटचं पान आधी वाचायची. रेणूला गोष्ट सांगायची ती "आणि ते सुखाने राहू लागले" पासून सुरू करायची. ते तिला पाहायला गेले तेव्हाही चहाचा कप खाली ठेवून ती म्हणाली होती, "माझा होकार आहे. बोलायचं आपण नंतर बघू." या वाक्यावर ते जन्मभर खूश होते. ते वाक्य आपल्या देखणेपणामुळे आलं, असा त्यांचा समज होता. ते आलं होतं उंटामुळे.

"आणि वरची उलटी पानं?" त्यांनी बापूदादाला विचारलं. "ती कशी वाचायची?"

"वाचायला येत हुतं कुठं तिला! बोळातला दिगू यायचा. कोष्ट्याचा. तो हातावर उलटा उभा राहून वाचून दाखवायचा. तोंड लालभडक व्हायचं. अन् भिंतीकडची पानं तर दिसायचीच न्हाईत, ती सगळी त्याच्या मनानं रचून सांगायचा. वैजी त्याच्यासाठी शेंगा लपवून ठेवायची, आम्हाला देत नव्हती."

सदानंदरावांनी फोन ठेवला. त्या दिवशी जेवताना त्यांना शेंगांची चटणी नको झाली.

पुढच्या बैठकीला उंटाच्या शेजारी पडद्यावर एक मुलगा उमटला. उलटाच. केस खाली लोंबलेले, दात पुढे, डोळे हसून मिटलेले. सदानंदरावांनी दात लहान काढले, दिवा मंदावला. मोठे काढले, दिवा तेजाळला. कानाची पाळी वाढवली, दिव्याने खोली हिरवी केली. जुळवता जुळवता त्यांच्याच हातून तो मुलगा कागदावर जिवंत झाला, आणि वैजयंतीबाई टाळी वाजवून म्हणाल्या, "दिगू!"

चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला त्यांनी त्याच सकाळी विचारलं होतं, "तुम्ही गॅसवाले का?"

सदानंदरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. सत्तरीच्या माणसाने सात वर्षांच्या पोरावर जळावं हे हास्यास्पद आहे, हे त्यांना कळत होतं. कळून काय उपयोग? पोटदुखी कळल्याने थांबते थोडीच! आपल्या हाताने आपण बायकोच्या डोक्यात दुसऱ्याला रंगवतोय, आणि जितका चांगला रंगवू तितका तो तिथे घट्ट बसणार, हा विचार त्यांना सोसवेना.

तेव्हा ते तासगावला गेले. दिगंबर कोष्टी कुठे असतो हे बापूदादाला ठाऊक होतं. एसटीला आता चालक नव्हता, कंडक्टर तेवढा राहिला होता आणि रिकाम्या सीटकडे बघून सवयीने घंटी मारत होता. वाटेत सदानंदरावांनी मनात दिगूचे निरनिराळे चेहरे काढून पाहिले. सगळेच देखणे निघाले.

बेदाण्याच्या शेडबाहेर एक टकलू म्हातारा बाजेवर पाय पसरून बसला होता. पुढचे दात गेले होते. म्हणजे ज्यांच्यामुळे दिवा तेजाळला तेच गेले होते.

"वैजू?" तो म्हणाला. "कोण वैजू?"

"प्रेसच्या बोळातली. तुम्ही तिला भिंतीवरची गोष्ट वाचून दाखवायचा. उंटाची."

"प्रेसच्या बोळात लई पोरं हुती की ओ." दिगंबरने डोकं खाजवलं. "उलटा उभा राह्यचो ते मातर खरं. कुणी शेंगा दिल्या की राह्यचो. पर उंट... कसला उंट? न्हाई बा याद. घ्या, बेदाणं घ्या."

सदानंदरावांनी बेदाणे घेतले. परतीच्या एसटीत त्यांना वाटलं होतं की आता मन निवेल. उलट ते भडकलं. म्हणजे ज्याला तिचं नावसुद्धा आठवत नाही, तो जन्मभर मधोमध बसणार, आणि ज्याने तिची औषधं मोजली, वेणी घातली, तो समासात! हा कुठला न्याय? जागा त्याला नको असेल तर दुसऱ्याने बसायला काय हरकत आहे? सांगली येईपर्यंत त्यांच्या मत्सराने न्यायाधीशाचा काळा कोट चढवला होता.

पुढच्या बैठकीला त्यांनी दिगूचं नाक बदललं. फार नाही, शेंड्याला थोडा उतार दिला. त्यांचं स्वतःचं नाक तसं होतं. दिवा मंदावला. डॉ. आफरीन आकडे बघत होत्या. "रेषा पक्की करतोय," सदानंदराव म्हणाले. पण आठवण ओली होती, आणि ते नाक धरून वाळली. त्यापुढच्या वेळी त्याच नाकाला दिवा पहिल्यासारखा तेजाळला.

दुधात पाणी घालणारा एकदम तांब्या ओतत नाही. सदानंदरावांनी एका बैठकीला स्वतःच्या भुवया घातल्या, एकीला हनुवटीवरचा तीळ, मग डोळ्यांची ठेवण. दात हळूहळू मागे नेले. दर वेळी दिवा थोडा दबायचा आणि पुढच्या वेळी सावरायचा. संपादकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या मूळ चित्रात बेमालूम मिसळण्यात त्यांची हयात गेली होती. ते सगळं कसब आता कामी आलं.

"हा मुलगा थोडा बदललाय का हो?" डॉ. आफरीन यांनी एकदा विचारलं.

"माझा हात सुधारतोय," ते म्हणाले. आकडे चांगले होते. डॉक्टरांनी विश्वास ठेवला.

समासात रेणूचं चित्र त्यांनी मन लावून काढलं, अगदी कानातल्या कुड्यांसकट. उजवीकडचं स्वतःचं चित्र मात्र उरकून टाकलं. मुख्य पानावर जागा मिळालेल्या माणसाला समासाची काय पडलीय!

फळ मिळालं ते असं. एका रविवारी सकाळी ते चहा घेऊन आत गेले, आणि वैजयंतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. असं तिने त्यांच्याकडे लग्नातही पाहिलं नव्हतं. डोळे मोठे झालेले, तोंडभर हसू, सगळा जीव चेहऱ्यावर आलेला.

"दिगू! आलास?"

नाव चुकीचं होतं. पण नजर कुणाकडे होती? आपल्याकडे. नावात काय आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि ते दिवस त्यांनी एखाद्या नवऱ्यामुलासारखे मिरवले. वैजयंतीबाई खळखळून हसत, दोन घास जास्त जेवत. रेणूला त्यांनी फोनच्या पडद्यावर चटकन ओळखलं, "कुड्या छान दिसतात गं," म्हणाल्या. त्या खुशीत सदानंदरावांनी भिंतीला टेकून उलटं उभं राहायचाही प्रयत्न केला. कंबर धरली, पण वैजयंतीबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि खाऊच्या डब्यातल्या मूठभर शेंगा आणून दिल्या. सदानंदरावांनी एकही शेंग वाया घालवली नाही.

मग एका संध्याकाळी त्या अस्वस्थ झाल्या. पातळ नीट केलं, पर्स शोधली, आणि चपला घालून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दिगू, मला घरी सोड."

"हे घरच आहे वैजू."

"चेष्टा पुरे. हे वाट बघत असतील."

सदानंदरावांना क्षणभर कळलंच नाही. "कोण हे?"

"अरे, आमचे हे." त्या लाजल्या. साठी उलटलेली बाई लहानपणच्या सवंगड्यासमोर लाजली. "तुला नाही माहीत ते. चित्रं काढतात. फार मोठे आहेत, पण मला दाखवल्याशिवाय एक चित्र पाठवत नाहीत. मला त्यातलं काय कळतंय! मी आपली म्हणते, हत्ती जरा रुसलाय. की लगेच हसरा करतात. बोलत नाहीत कधी, पण मी दिसले नाही की घरभर फिरतात. मी गेल्याशिवाय जेवायचे नाहीत. चल ना रे."

"वैजू," सदानंदराव म्हणाले, "अगं, मीच तो."

वैजयंतीबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि त्या हसल्या. "तू? तुला सरळ उभं राहता येतं का आधी?"

दुसऱ्या दिवशी सदानंदरावांनी डॉ. आफरीन यांना सगळं सांगून टाकलं. नाक, भुवया, तीळ, सगळं. हात दाखवून अवलक्षण कशाला म्हणतात ते त्यांना सत्तराव्या वर्षी समजलं होतं. डॉक्टर रागावतील असं त्यांना वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. त्यांनी जुनी आणि नवी चित्रं टेबलावर शेजारी शेजारी मांडली.

"एकच चेहरा तुम्ही दोन ठिकाणी दिलात, सर. मधोमध आणि समासात. मेंदूने जोरकस जागा धरली. तुमचा चेहरा आता दिगूचा आहे."

"आणि नवरा?"

"नवरा पुसला गेला नाही. त्याच्याबद्दलची माया, सवयी, बोलणं, सगळं जिथल्या तिथे आहे. आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी खोल. खरं सांगू का? फक्त समासात नीट दाखवला असतात ना, तर फार मेहनतही लागली नसती. फक्त चेहरा हवा होता. आता त्याला चेहरा नाही."

"परत बदला. पुन्हा ओलं करा. मी दिगू काढतो, खरा. दातांसकट काढतो."

डॉ. आफरीन यांनी मान हलवली. खुंटी इतक्या वेळा हलवल्यावर ती आता ढिली झाली होती. आणखी एकदा हात लावला तर रेणूही जाईल आणि उंटही.

सदानंदराव घरी आले. संध्याकाळ झाली होती. वैजयंतीबाई दिवाणखान्यात चपला घालून बसल्या होत्या, पर्स मांडीवर, नजर दाराकडे.

"दिगू, अजून कसे आले नाहीत रे हे?"

"येतील," ते म्हणाले. "मी बघून येतो."

ते मागच्या दाराने बाहेर पडले. अंगणातल्या नळावर तोंड धुतलं, विस्कटलेल्या केसांवरून ओला हात फिरवला, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली. कोपऱ्यावरच्या दुकानातून अबोलीचा गजरा घेतला. गजरा दिगूने कधी आणला नसता. मग घराला वळसा घालून ते पुढच्या दाराशी आले आणि त्यांनी स्वतःच्या घराची बेल वाजवली. तिला पाहायला गेले होते तेव्हाही त्यांनी इतकी तयारी केली नव्हती.

आतून लगबगीची पावलं आली. कडी निघाली. दार उघडताना वैजयंतीबाईंचा चेहरा आनंदाने फुलून आला होता, आणि तो आनंद दिगूसाठीच्या आनंदापेक्षा कितीतरी मोठा होता, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. एक क्षणभर पाहिलं.

मग तो चेहरा मावळला.

"तूच होय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, हे आले."

त्यांनी त्याच्या हातातला गजरा घेतला, ह्यांना आवडतो म्हणून केसात माळला, आणि त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत दारातच उभ्या राहिल्या.